चांदणीचे कान

तीर्थपुरीच्या आमच्या घरात भिंतीवर एक मोकळा खिळा हाय. वर तथागत आणि बाबासाहेबांचे फोटो, खाली हा खिळा. माझ्या मायनं, कौसल्यानं, स्वतः ठोकलेला. एकदा माझ्या भावानं, भारतनं, त्याच्यावर कॅलेंडर टांगलं, तर मायनं घर डोक्यावर घेतलं. "तुझ्या बाची जागा हाय ती!" आता बोला. जागा हाय, पण बाचा फोटो घरात एकबी न्हाई.

माझा बा, तातेराव, जालन्याजवळच्या एका पागेत सईस होता. रेसचे घोडे तिथं वाढायचे नि हैदराबादला, पुण्याला पळायला जायचे. त्यांना चारायचं, खरारा करायचा, सकाळी फिरवायचं, हे बाचं काम. मायबी तिथंच घास कापायला जायची. मी रांगत होते तेव्हा बा कावीळ होऊन गेला. मला त्याचं तोंड ठाऊक न्हाई. लोकं म्हणतात, आरशात बघ, बापावर गेलीस. आरशात बघून बघून मला माझंच नाक दिसतं, दुसरं काय दिसणार?

मंग मायनं कापूस वेचला, शाळेत खिचडी शिजवली, आम्हा दोघांना शिकवलं. रडत बसलेली मी तिला पाह्यली न्हाई. पण एक गोष्ट ती परत परत सांगायची. एकदा बा पागेतून लई खुशीत घरी आल्ता. म्हणाला, "आज चांदणीचा फोटो काढला. मी बी व्हतो." चांदणी म्हणजे त्याची लाडकी घोडी. म्हणजे बाचा फोटो कुठंतरी हाय, आज ना उद्या मिळणार. त्या एका बोलण्यावर मायनं तो खिळा ठोकला.

पागा बंद पडली, कुलूप लागलं. आता मालकाच्या नातवंडांनी तिचं म्युझियम केलंय. मी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कामाला हाय, तिथं कुणीतरी सांगितलं. मायला फोन केला तर म्हणाली, "अक्षे, जल्दी ने मला. त्यांचा आवाज अजून येतो, पण तोंड पुसून चाललंय गं."

रविवारी गेलो. मायनं ठेवणीतली निळी साडी नेसली, केसांना तेल लावलं. मी चिडवलं, "नवऱ्याला भेटायला चाललीस काय?" तर म्हणते, "मंग कुणाला?"

पागा चकाचक. फरशी धुतलेली, खोगीरं काचेत, जिकडंतिकडं फिनेलचा वास. मायनं नाक मुरडलं. "लीद न्हाई, घास न्हाई, ही कसली पागा?" माहिती सांगायला साधना नावाची पोरगी होती. ती बिचारी पाठ केलेलं सांगून राह्यली होती आणि माय पुढं पुढं पळत होती. एका दारापाशी मात्र थांबली. लाकडाची कड कुरतडलेली होती. तिच्यावर हात फिरवत म्हणाली, "ही चांदणीची. फार खोडील होती. माणूस आला तरी मान वर करायची न्हाई, मालक आला तरी न्हाई."

शेवटच्या खोलीत फोटो. भिंत भरून. आणि मधोमध मोठा, चांदणीचा.

मायनं माझा हात गच्च धरला. घोडी आडवी उभी, लगाम धरून टोपीवाला मालक. बस. दुसरं कुणी न्हाई. मी कोपरे बघितले, घोडीच्या पोटाखालून कुणाचे पाय दिसतात का तेबी बघितलं. खाली पाटीवर मालकाचं नाव, घोडीचं नाव, तिच्या आईबापाचं, आज्याचं नाव.

माझं डोकंच फिरलं. "अहो ताई, घोडीचा आज्जा लिहिलाय, आणि तिला चारणारा माणूस न्हाई?" साधना गोरीमोरी झाली. म्हणाली, "मॅडम, होती तेवढीच माहिती आम्हाला दिली." तिचा काय दोष? पण मला राग आल्ता, आणि खरं सांगायचं तर त्या पोरीचा न्हाई, बाचा. काय म्हणून सांगितलंस, मी बी व्हतो? का नादी लावलंस मायला एवढी वरसं?

"चल माय," मी म्हणलं. "न्हाई त्यात बा. उगाच म्हणला असंल."

माय हललीच न्हाई. फोटोच्या अगदी जवळ गेली. आणि हसली. एवढ्या दिवसांत मी तिला तसं हसताना पाह्यलं न्हव्हतं.

"अक्षे, हिचे कान बघ."

चांदणीचे दोन्ही कान ताठ उभे होते. मान वर, डोळे पुढं. मालकाकडं न्हाई. फोटोच्या बाहेर, उजव्या अंगाला कुठंतरी.

"मालकाला असेच कान लागायचे फोटोत," माय म्हणाली. "मंग तुझा बा समोर जाऊन डब्यात हरभरे वाजवायचा. दुसऱ्या कुणी डबा फोडला असता तरी हिनं बघितलं नसतं. तो तिथं हाय, म्हणून ही बघून राह्यली."

मी भिंतीला टेकून रडले. साधनानं पाण्याची बाटली आणून दिली आणि फोटोचा फोटो काढू दिला.

परत येताना स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसानं मोबाईलवरचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि मला विचारलं, "घोडीच्या पुढं लई रिकामं दिसतंय. तेवढं कापून टाकू का? घोडी मोठी येईल."

माय खुर्चीतून ताडकन उठली. "घोडी कापली तरी चालंल, दादा," ती म्हणाली, "तेवढं कापू नका. ते माझे मालक हायेत."