ईराबेनचा पासपोर्ट

बडोद्याच्या गोत्री भागातल्या आमच्या सोसायटीत दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी परदेशात. त्यामुळे संध्याकाळी बाकावर बसलं की कोणाच्या ना कोणाच्या नातवंडाचा घोळ कानावर येतोच. पण शेजारच्या जगतापरावांनी नातीच्या एका पासपोर्टवरून जेवढे किस्से पुरवले, तेवढे बाकी सगळ्यांनी मिळून पुरवले नसतील.

*

त्यांचा अमोल जर्मनीत. दिवाळीला बायको-मुलीसह बडोद्याला यायचं ठरलं. तिकिटं काढायला बसला, तर सहा वर्षांच्या ईराचा पासपोर्ट केव्हाच संपलेला! मोठ्यांचा दहा वर्षं चालतो, तसा हिचाही चालेल असं त्याने धरलं होतं. मुलांचा पाचच वर्षं चालतो. नवा आल्याशिवाय तिचा व्हिसाही वाढणार नव्हता आणि तिला विमानातही बसता येणार नव्हतं.

जगतापरावांच्या बायकोचा, कुसुमवहिनींचा, चेहरा उतरला. नात तान्ही असताना जर्मनीला गेली, त्यानंतर त्यांनी तिला फक्त फोनवर पाहिलेली.

जगतापराव मात्र म्हणाले, "एवढीशी पोर. तिचं काय एक्सपायर होणार?"

*

आधी फोटो. वहिनींनी व्हिडिओ कॉलवर सुनेला बजावलं, "परक्या माणसांपुढे नेतेयस, गालाला तीट लाव." सुनेने लावली. वकिलातीत खिडकीवरच्या माणसाने फोटो निरखून विचारलं, "ही जन्मखूण आहे का?"

सून म्हणाली, "नाही, सासूबाईंची आहे."

फोटो परत.

*

मग सही. मुलीला सही येत नसेल तर अंगठा चालेल, असं तिथे सांगितलं. जगतापरावांचा पारा चढला. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, हे ते रिक्षावाल्यालाही सांगतात. "जगतापांच्या घरात अंगठा?" म्हणत त्यांनी रोज कॉलवर ईराकडून सही गिरवून घेतली. पोरीला ती इतकी आवडली की तिने आईच्या चौकटीत केली, बाबांच्या चौकटीत केली आणि साहेबांच्याही चौकटीत केली. अर्ज पुन्हा भरावा लागला.

*

खरा घोळ पुढेच. ईरा जन्मली तेव्हा अमोल इथेच, मकरपुऱ्यात नोकरीला होता. जन्मदाखला लिहिणाऱ्या कारकुनाने इथल्या गुजराती रिवाजाप्रमाणे नावाला 'बेन' जोडलं. जर्मनीला निघायच्या गडबडीत पासपोर्टही 'ईराबेन' नावानेच निघाला. आता जगतापराव अडून बसले, "बेन काढल्याशिवाय नवा पासपोर्ट नको."

बाकावरचे आमचे हर्षदभाई म्हणाले, "जगतापराव, मफतमध्ये मान मिळतोय, राहू द्या ने!"

"मान तुमच्याकडे. आमच्याकडे मुलगी नुसती ईरा."

अमोलने परोपरीने विनवलं, की नाव तेच ठेवलं तर काम लवकर होईल. जगतापरावांनी खेटे घालून दाखला दुरुस्त केला आणि पाठवला. नाव बदलल्यामुळे चौकशी लागली.

*

चौकशीला हवालदार थेट आमच्या सोसायटीत. कागदावरचं वय न पाहताच त्याने विचारलं, "ईरा जगतापची वर्तणूक केवी छे? काही तक्रार?"

जगतापराव प्रामाणिक माणूस. म्हणाले, "भाजी खात नाही."

*

दिवाळी गेली. पासपोर्ट आला तो देवदिवाळीनंतर, तोवर शाळेची सुट्टी संपलेली. जगतापरावांनी त्याचा फोटो बाकावर सगळ्यांना दाखवला. बेन कुठेही नव्हतं. नातही नव्हती.

*

त्याच आठवड्यात ईराने फोनवर विचारलं, "आजी, मला यायला जमत नाही तर तू का नाही येत?"

वहिनींकडे पासपोर्टच नव्हता. त्यांचा जन्म इथल्याच, जवळच्या डभोईचा. शाळेच्या दाखल्यापासून आधारकार्डापर्यंत त्याही सगळीकडे 'कुसुमबेन'. ते आधी दुरुस्त करू, मग तुझा पासपोर्ट काढू, असं जगतापराव वर्षानुवर्षं सांगत आलेले.

वहिनींनी फोन ठेवला. माझ्या बायकोला मोबाइलवरून अर्ज भरून द्यायला सांगितलं आणि तारीख मिळाली त्या दिवशी तिलाच रिक्षात घालून पासपोर्टच्या ऑफिसात गेल्या. जगतापरावही मागोमाग स्कूटरवर पोचले. खिडकीवरच्या मुलीने कागद पाहिले, मागे उभ्या जगतापरावांकडे पाहिलं आणि विचारलं, "काकी, नावात काही सुधारो करायचाय?"

जगतापरावांनी तोंड उघडलं.

वहिनी म्हणाल्या, "नाही. बेनसकट लिही. आणि नवऱ्याच्या नावापुढे भाई लाव."