कोबाची रोगराई

माझ्या सासूनं, कोबानं, आयुष्यभर फ्लार्डिंगनच्या बाजारात मासे विकले आणि रोग फुकट वाटले. गिऱ्हाइकानं हेरिंगला बोट लावून बघितलं की त्याला पटकी. रांगेत मधेच घुसलं की क्षय. नगरपालिकेचा माणूस म्हणाला, गाडी जरा मागे घ्या, त्याला विषमज्वर, बायकोपोरांसकट. आमच्याकडे शिव्या रोगांच्याच देतात, त्यात नवल काही नाही. पण साधी माणसं एखाददुसऱ्या रोगावर दिवस भागवतात. कोबाच्या तोंडात अख्खा सरकारी दवाखाना होता.

तरी लोक तिच्याकडेच रांग लावायचे, कारण ती खोटं बोलायची नाही. माल बरा नसला तर ती स्वतःच सांगायची, "आज घेऊ नकोस, पोट बिघडेल. जा, चीज खा." योरिटनं मला पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा तिनं मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाली, "हिला वादळात दगड बांधून ठेवावं लागेल." मी तिला 'तुम्ही' म्हणायला गेले तर म्हणे, "तुम्ही काय? मी काय पाद्री आहे?" तेव्हापासून ती मला नुसती कोबा. आमची फीन जन्मली तेव्हा सगळ्या बायका पाळण्यात डोकावून किती गोड, किती गोड करत होत्या. कोबा वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "उकडलेला सलगम. कान आमच्याकडचे आलेत. वाईट झालं." मला टाके होते, हसलं की दुखायचं, तरी मी हसले.

तिचा नवरा आरी, म्हणजे माझे सासरे, मासेमारीच्या बोटीवर होते. एक दिवस सकाळी कॉफीचा कप हातात असतानाच गेले. दफनाच्या वेळी पाद्री मोठं मऊ मऊ बोलत होता आणि कोबा खड्ड्यात बघत उभी होती. मधेच मोठ्यानं म्हणाली, "पटकी होवो तुला, आरी, मला न विचारता गेलास." पाद्र्याला खोकला आला. योरिट म्हणतो, त्याच्या आईनं त्याच्या बापावर इतकं प्रेम केल्याचं त्यानं एरवी कधी ऐकलं नव्हतं.

तर अशी ही बाई, आणि तिच्यावर मी बोलण्याची बंदी घातली.

कारण फीन. फीन सव्वादोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. बोट दाखवायची, 'अं' म्हणायची, संपलं. मी कुणापाशी काही बोलले की त्याच्या ओळखीत एक भाचा निघायचा, जो चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता आणि आता इंजिनिअर आहे. त्या भाच्याचा मला वीट आला होता. बाळांच्या दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं, उन्हाळ्याची सुट्टी होऊन जाऊ दे, मग कान तपासू, मग मोठ्या डॉक्टरांकडे पाठवू. ती हे इतक्या गोड आवाजात म्हणाली की घरी येऊन मी कपाटातली सगळी पातेली बाहेर काढली. मी स्वयंपाकघरात फीनच्या पाठीमागे जाऊन पातेली आपटायचे, वळते का बघायला. ती वळायची. माझ्याकडे दयेनं बघायची आणि परत आपल्या ठोकळ्यांकडे. मला भीती वाटत होती, आणि ती मी कुणाला दाखवत नव्हते.

माणूस घाबरला की वाचत सुटतो. मी वाचलं की अशा मुलांसमोर सावकाश आणि स्वच्छ बोलावं. झालं. सुट्टीला निघायच्या आधी मी कोबाला बसवून सांगितलं, "फीनसमोर रोगराई बंद."

"मग बोलू काय?"

"बाकीचे बोलतात ते."

"हवामान?"

"हवामान चालेल. रोगाशिवाय."

तिनं विचार केला. "बरं," म्हणाली. बाईनं उभ्या जन्मात कुणाला 'बरं' म्हटलं नव्हतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आम्ही दर उन्हाळ्यात तंबू घेऊन सायकलनं जातो. कोबाला बरोबर घ्यायची कल्पना योरिटची. तिनं मासे विकणं सोडलं होतं आणि बॅटरीची सायकल घेतली होती. आधी त्याच सायकलींना ती म्हाताऱ्यांचा पांगुळगाडा म्हणायची. फीन तिच्याच पुढच्या छोट्या सीटवर बसणार हेही ठरलं, कारण मोटर तिच्याकडे आणि फीनचं वजन पिठाच्या पोत्याएवढं.

निघायच्या आदल्या दिवशी मायलेकांचं वाजलंच.

"उन्हाळ्यात वारा कुठून येतो?" कोबानं विचारलं.

"नैर्ऋत्येकडून," योरिट म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवतो.

"आणि आपण हार्लेमहून झीलंडला चाललोय, म्हणजे कुठे?"

"नैर्ऋत्येला."

"गाढवा, आगगाडीनं खाली जायचं आणि वारा पाठीवर घेऊन वर यायचं. हे शेळीलासुद्धा कळतं."

"तंबूच्या जागा उलट्या क्रमानं बुक केल्यात, आई. आणि थोडा वारा अंगाला बरा असतो."

दुसरा कुणी असता तर त्यानं फोन करून बदलून घेतलं असतं. पण सांगणारी आई होती, त्यामुळे ते शक्यच नव्हतं. कोबाचा जबडा हलला, तोंड उघडलं, तिनं फीनकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

पुढे रोज वारा तोंडावर. पुढे कोबा, पाठ ताठ, मोटर फुल्ल, आणि तिच्यासमोर छोट्या काचेआड फीन. मग बऱ्याच अंतरावर मी, दातांत वाळू. आणि पार मागे योरिट, तंबू, पातेली आणि लंगोटांनी भरलेली, सायकलला जोडलेली गाडी ओढत, चेहरा बीटासारखा. दुपारी बांधाच्या आडोशाला बसून आम्ही पाव खायचो. योरिट म्हणायचा, उद्या वारा फिरेल. तो भूगोलाचा मास्तर आहे म्हणून मी दोन दिवस विश्वास ठेवला.

कोबा शब्द पाळत होती, आणि ते बघवत नव्हतं. एका तळावर शेजारच्या तंबूतल्या कुत्र्यानं तिच्या ताटलीतला सॉसेज उचलून तिच्यादेखत खाल्ला. कुत्र्याचा मालक हसला. कोबा उभी राहिली. मानेपासून लाल होत होत कपाळापर्यंत गेली. सगळा तळ थांबला होता. "हवामान बरं आहे," ती त्या माणसाला म्हणाली आणि काखेत संडासाच्या कागदाची गुंडाळी मारून न्हाणीघराकडे चालती झाली.

तिसऱ्या दिवसापासून ती जवळजवळ बोलेनाशीच झाली. रोग काढून घेतल्यावर तिच्याकडे वाक्यं उरली नव्हती. आणि फीन? फीन पूर्वी ओमाच्या, म्हणजे आजीच्या, तोंडाकडे टक लावून बसायची, ओमानं कुणाला आडवं घेतलं की टेबलावर थपडा मारून हसायची. आता तीही अंगठा चोखत गप्प. एका सायकलवर दोन मुकी माणसं. मी मनात म्हटलं, ही शांतता तिच्या मेंदूला चांगली आहे. मी किती वाचलं होतं!

मग ब्राउवर्सडॅम आला, समुद्र अडवणारा लांबच लांब बांध. एका हाताला समुद्र, एका हाताला तळं, मधे सरळ रस्ता, आणि आडोसा म्हणून दिव्याचा खांबसुद्धा नाही. वारा असा की मी पेडल मारणं थांबवलं तर हार्लेमला परत पोचले असते.

बरोबर मधोमध कोबाची बॅटरी संपली.

तिची ती लोखंडी म्हैस आता तिच्या पायांवर आली. तिचा वेग पडला आणि अख्ख्या सुट्टीत पहिल्यांदा मी तिला गाठलं. कोबाची पाठ रुंद आहे. तिच्या मागे चिकटल्याबरोबर वारा बंद झाला, कुणी दार लावावं तसा. मी हाक मारणार होते, पण वाऱ्यात माझी हाक मागे योरिटकडे गेली असती. तिला काही कळलंच नाही की मी मागे आहे. तिचं मात्र प्रत्येक अक्षर सरळ माझ्या तोंडावर येत होतं.

"पटकी हो तुला," कोबा वाऱ्याला म्हणत होती. एक पेडल, एक रोग. "क्षय हो. नैर्ऋत्येला विषमज्वर हो. पटकीचा वारा! बॅटरी बनवणाऱ्याला पटकी. तंबू बुक करणाऱ्याला क्षय, माझ्या पोटचा असला तरी."

आणि पुढे फीन खिदळत होती. काचेवर थपडा मारत होती. ते हसणं मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं, पण त्या क्षणी मला फक्त राग आला. म्हणजे रोज ही बया पुढे निघून जाते ती यासाठी! मी तोंड उघडलं. तेवढ्यात एक जोराचा झोत आला आणि फीनच्या हातातलं बिस्कीट उडालं. कठड्यावरून गेलं ते थेट समुद्रात. फीन त्याच्याकडे बघत राहिली.

"पतकी!" ती म्हणाली.

मी पडले नाही, कारण पडण्याइतका वेग नव्हता. कोबानं दोन्ही पाय जमिनीवर टेकले. माझं चाक तिच्या मडगार्डपाशी येऊन थांबलं.

"काय म्हणालीस?"

"पतकी," फीननं सांगितलं, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं. मग समुद्राकडे बोट केलं. "पतकीचा वाला."

दोन शब्द. 'ट' आणि 'र' सोडले तर व्याकरणही बरोबर. मला दोघींना तिथंच मिठी मारायची होती, किंवा दोघींना समुद्रात लोटायचं होतं, नक्की सांगता येत नाही. पण कोबा हँडलवर वाकली आणि तिचं नाक फीनच्या नाकाला लागलं.

"ऐक, कोळंबे. हा शब्द आईला नाही सांगायचा. पहिला शब्द तिचा आहे. म्हण, आई."

"पतकी."

"आ-ई."

"पतकी."

"अगं, ती तुझ्या मागे पातेली आपटत फिरते. मला काय दिसत नाही? अर्धी झाली बिचारी. एकदा म्हण तिच्यासाठी. आई."

फीननं विचार केला. "पतकी," ती हळूच म्हणाली, ओमाच्या आग्रहाखातर.

मला वाटत होतं माझी भीती कुणाला ठाऊक नाही. माझ्या नवऱ्यालाही नव्हती. ती ठाऊक होती नेमकी या बाईला, आणि तिनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. कारण मी तिला हवामान सोडून काही बोलूच दिलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली आणि रडू आलं, दोन्ही एकदम. मी सायकल गुपचूप मागे ढकलत नेली, डोळे पुसले आणि मग जोरात पेडल मारत त्यांच्या शेजारी येऊन थांबले. धापा खऱ्या होत्या.

"का थांबलात?"

कोबा समुद्राकडे बघू लागली. जिनं शिळ्या हेरिंगला कधी ताजी म्हटलं नाही, तिचे कान लाल होत होते.

"बोलली ती."

"काय?"

"'आई' म्हणाली. दोनदा. आधी एकदा, मग परत एकदा. स्पष्ट. मी म्हटलं बॅटरी संपली, तर म्हणाली, आई." तिनं बॅटरीवर एक थाप मारली. "माझ्याकडे बघून नाही म्हणाली. तुझ्या दिशेनं."

इतकं वाईट खोटं मी आजवर ऐकलं नाही. मी रडायला लागले. तिला वाटलं आनंदानं, आणि ते काही चूक नव्हतं. तिनं जाड हातानं माझी पाठ थोपटली.

तोवर मागून योरिट आला, गाडी खडखडत, जीभ बाहेर. "काय झालं? पंक्चर?"

"फीन बोलली," मी म्हटलं.

त्यानं सायकल सोडूनच दिली. गाडीमुळे ती उभी राहिली. "काय? काय म्हणाली?"

कोबानं तोंड उघडलं, पण फीन तिच्या आधी होती. तिनं मला बघितलं. चेहरा उजळला, पट्ट्यातून दोन्ही हात बाहेर काढून माझ्याकडे पसरले आणि ती ओरडली, "पतकी!"

कोबानं डोळे मिटून घेतले. तिचे लाल कान पांढरे पडले.

"आई," योरिट तिला म्हणाला, "ही काय पटकी म्हणाली?"

"'आई' म्हणाली," मी म्हटलं. "वाऱ्यात तुला नीट ऐकू येत नाही."

"अगं पण आत्ता स्वच्छ..."

"योरिट. 'आई' म्हणाली."

कोबानं एक डोळा उघडला आणि माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर दोघींचं हसू फुटलं असतं. फीनचे हात अजून पसरलेलेच होते. ती आता जरा वैतागली होती, कारण तिनं इतक्या मोठ्यानं हाक मारली होती आणि कुणी दाद देत नव्हतं.

"पतकी!"

"ओ," मी म्हटलं, आणि तिला उचलून घेतलं.