दसऱ्याच्या दिवशी फिरवलेली गाडी

चंद्रावर चालणाऱ्या गाडीच्या चाकांची चाचणी आम्ही नवी मुंबईत, शिरवण्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये घेतली, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. एका संस्थेला प्रयोगापुरतं मॉडेल हवं होतं आणि ते काम मला मिळालं होतं. शेड माझ्या वडिलांची, आप्पांची. ते साताऱ्याकडचे, उभा जन्म वेल्डिंग करण्यात गेलेला. नकाशे माझे, हात त्यांचे.

सहा चाकं, आणि दोन्ही बाजूंना खाली-वर होणारे पोलादी दांडे. त्यामुळे एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची जमीन सोडत नसत. खदानीतली भुकटी आणि दगड पसरून आम्ही गोल वाट केली होती. तिच्यावर गाडी घाण्याच्या बैलासारखी दिवसभर फिरायची. असे सलग दहा दिवस काढले, की अकराव्या दिवशी संस्थेची माणसं येणार आणि गाडी पसंत पडली तर पुढचं काम देणार. आप्पांनी अख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलं होतं, "आमची पोरगी चंद्राची गाडी करतीया." धक्क्यांनी दांड्याच्या सांध्याचा नट सैल व्हायचा. रोज सकाळी आप्पा पाना घेऊन तो आवळायचे, मगच बटण दाबायचे.

दहावा दिवस नेमका दसऱ्याचा. आप्पांनी हत्यारं पुसून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, गाडीला झेंडूची माळ घातली. "आज हत्याराला हात लावायचा न्हाई."

"आप्पा, चंद्रावर दसरा नसतो!"

"शेडात असतो की."

ते जेवायला घरी गेले. मी येतेच म्हणाले आणि थांबले. एका दिवसासाठी आधीचे नऊ दिवस फुकट घालवायचे? काहीतरीच! माळ काढून ठेवली, बटण दाबलं. पाना पाटावर होता, कुंकू लावलेला. तो उचलायचं मला सुचलंच नाही. खरं सांगायचं तर नटाची आठवणच झाली नाही. एवढी शिकलेली मी!

तासाभरात खाडकन आवाज झाला. नट गळून पडला होता, दांडा मोकळा होऊन दगडावर आपटत राहिला होता आणि वेल्डपाशी तुटला होता. मी भुकटीतून नट शोधला आणि पर्समध्ये टाकला. का टाकला? घाबरले, दुसरं काय.

आप्पा धावत आले. मशीन चालवल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तुटलेलं टोक डोळ्याजवळ धरून बघत बसले. सांध्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, नट आवळल्याशिवाय मी बटण दाबणार नाही हे त्यांनी धरूनच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी संस्थेची माणसं आली तेव्हा हात जोडून म्हणाले, "पोरीची चूक न्हाई सायेब. वेल्ड माझं हाय. डोळ्यांना कमी दिसतंय हल्ली." मी शेजारीच उभी होते. नट पर्समध्ये होता. दोन मिनिटांचं बोलणं होतं, तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

काम गेलं. मला पुढे दुसरी नोकरी लागली. आप्पांनी मात्र त्यानंतर वेल्डिंगला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "आता माझ्या हाताचा भरवसा न्हाई." वर्षभरात शेड विकून टाकली. मी रोज ठरवायची, आज सांगू. मग वाटायचं, इतके दिवस का नाही सांगितलंस विचारलं तर? लाज वाटते मला लिहितानाही.

तुटलेला दांडा त्यांनी घरी आणला होता. दर दसऱ्याला तो पाटावर ठेवायचे, कुंकू लावायचे आणि त्याच्यापुढे स्वतःचे कान धरायचे. आरतीचं ताट माझ्या हातात असायचं.

त्यांच्या शेवटच्या दसऱ्याला मी आपट्याचं पान त्यांच्या हातात ठेवून पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "पोरी, माझ्यामुळं तुझी गाडी राहिली गं. मनात ठेवू नगस."

मी म्हटलं, "नाही ठेवत, आप्पा."