चुकीच्या विमानातली मानाची खुर्ची

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याची खोली आणि तिच्यातला भलामोठा कॉम्प्युटर मागे राहिला. खोली बायकोने बरण्या आणि शिलाई मशीन ठेवायला मागितली. कॉम्प्युटर कोणीच मागितला नाही, म्हणून तो मी घेतला. ज्युनियर कॉलेजात आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला पुढे काय करावं हे सुचवणारे पुष्कळ भेटतात. कोणी हास्यक्लब सुचवतो, कोणी ध्यानधारणा. मी विमानं उतरवायला लागलो.

फक्त उतरवायला. उडवण्यात मला फारसा रस नाही. उड्डाणात जोर असतो, आवाज असतो आणि एकूण उद्घाटनाचा थाट असतो. उतरणं वेगळं. कॉम्प्युटरवर विमान हवं तिथे, हवेतच ठेवता येतं. मी ते धावपट्टीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर ठेवतो आणि तिथून खाली आणतो. याला अप्रोच म्हणतात. एक न दिसणारा तीन अंशांचा उतार असतो, त्यावरून घसरत यायचं. उंची, वेग आणि दिशा, तिन्ही एकाच वेळी सांभाळायच्या. एक ओढायला जावं तर दुसरी सुटते. हजार फुटांवर आल्यावर सगळं जागेवर नसेल तर उतरायचं नाही, सरळ वर जायचं आणि पुन्हा यायचं, असा नियम आहे. तो मला फार आवडतो. आपल्याकडच्या भाषणांना आणि काही लग्नांना असा नियम असता तर बरंच नुकसान टळलं असतं.

साधनं बेताची आहेत. एक दांडा, इंजिनासाठी दुसरा दांडा आणि पायाखाली दोन पॅडल. पॅडल गुळगुळीत फरशीवर सरकतात म्हणून त्यांच्याखाली पायपुसणं घातलंय. मोठा स्क्रीन समोर आणि हॉलमधून हद्दपार झालेला टीव्ही बाजूला. दुपारचा चहा झाला की मी बसतो. बाहेर आमच्या जुळे सोलापूर भागातले रस्ते तापलेले असतात, वर पंखा फिरत असतो आणि मी ढगांतून खाली येत असतो. याहून जास्त सुख मी मागितलेलं नाही.

या सुखात आमचे चेअरमन आले.

चेअरमन म्हणजे आमच्या सोसायटीचे. डाळीचे व्यापारी, मूळचे अक्कलकोटकडचे. घरी कानडी बोलतात, बाहेर मराठी आणि व्यासपीठावर एक तिसरीच भाषा, जी कोणाचीच नाही. सोलापुरातून विमानं सुटू लागली तेव्हा त्यांनी सोसायटीच्या फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता. त्यावर विमानही होतं, पण चेअरमनांच्या खांद्यामागे, चिमणीएवढं. त्यांची मुलगी गोव्यात असते. तिने आईवडिलांसाठी विमानाची तिकिटं पाठवली आणि ही बातमी चेअरमनांनी स्वतःच वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितली.

मग एका दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले. "काय करायलाव सर? विमान हाय म्हणं तुमच्याकडं. सोसायटीत काय काय चालतंय ते चेअरमनला म्हाईत पायजे की."

मी त्यांना आत नेलं आणि माझी खुर्ची दिली. खुर्ची डावीकडची, म्हणजे कॅप्टनची. यात मी विचार असा काही केला नाही. आपल्याकडे पाहुणा जीपमध्ये पुढे बसतो आणि कार्यक्रमात सोफ्यावर. चेअरमन स्टुलावर बसलेत हे दृश्य मला कल्पनेतही रंगवता येत नव्हतं. स्टुलावर मी बसलो आणि त्यांच्या पोटासमोरून हात घालून विमान गोव्याला उतरवलं.

"बेस्ट," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच येऊ लागले. खुर्चीत ते ऐसपैस बसत, चष्मा पुसत, जमिनीवरून कोणीतरी हार घेऊन येणार असल्यासारखे समोर बघत. फक्त धावपट्टी जवळ आली की त्यांचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाई. मला वाटायचं, कंटाळले.

एका दुपारी जमीन अगदी हाताशी आली असताना लाईट गेली. आमचं इन्व्हर्टर पंखा आणि एक ट्यूब एवढंच ओढतं. स्क्रीन काळा झाला. आमच्या भागात हे नेहमीचंच, म्हणून मी स्टुलावरून उठून चहा सांगायला निघालो. मागून चेअरमनांचा आवाज आला. तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता.

"सर, खऱ्या विमानात इन्व्हर्टर असतंय का?"

मला असा प्रश्न वर्गात कोणी विचारला नव्हता, त्यामुळे मी खुलून उत्तर दिलं. प्रत्येक इंजिनाला जनरेटर, शिवाय बॅटरी, दोन स्वतंत्र जोडण्या. एक बंद पडलं तर काय, दुसरं बंद पडलं तर काय, सगळंच बंद पडलं तर काय. चेअरमनांनी सगळं ऐकून घेतलं. चहा आला तो तसाच ठेवून ते घरी गेले.

"तुम्ही इतकी वर्षं पोरांना शिकवलंत," कप उचलताना बायको म्हणाली, "पण समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय काही लागली नाही. त्यांना भीती वाटतेय."

"चेअरमनना?"

"चेअरमनना वाटत नाही, असा ठराव झालाय का?"

मग तिने मला चेअरमनांच्या बायकोकडून, म्हणजे अक्कांकडून, कळलेलं सांगितलं. मुलीने पूर्वीही एकदा तिकिटं काढली होती, पुण्याहून. तेव्हा चेअरमनांचा गुडघा दुखायला लागला. विमान गेलं आणि संध्याकाळी गुडघा बरा झाला. दोघं बसने गेले, रात्रभर हाडं खिळखिळी करून घेत. ढग वरून कसे दिसतात ते बघायचं, असं अक्कांच्या मनात शाळेत असल्यापासून आहे. या वेळी त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलंय की गुडघा दुखो की डोकं, मी जाणार. शेजारची सीट रिकामी गेली तरी चालेल.

"आणि त्या जाणार," बायको म्हणाली. "हे भावजींना पक्कं माहितीये. म्हणून रोज येतात बिचारे. आणि तुम्ही त्यांना पुढे बसवता. ते काय विमान चालवणार आहेत का? त्यांना मागे बसायचंय. खिडकीत. शिवाय गोव्याच्या विमानाला पंखे आहेत, पेपरात फोटो आला होता. तुमच्या ह्याला कुठे आहेत पंखे?"

आठवडाभर मी एका घाबरलेल्या माणसाला चुकीच्या विमानाच्या चुकीच्या खुर्चीत बसवत होतो, आणि तेही मानाने.

दुसऱ्या दिवशी मी पंख्यांचं विमान काढलं. मी स्वतः जेटवाला. पंख्याच्या विमानाकडे मी आजवर तसाच बघत आलो होतो, जसे चेअरमन स्टुलाकडे. टीव्ही थोडा मागे, प्रवाशाच्या डाव्या हाताला खिडकीसारखा लावला आणि त्यावर प्रवाशाला दिसतं तेवढंच दृश्य ठेवलं. वर पंख, पंखाखाली गरगरणारा पंखा, खाली जमीन. पुढचं काहीही दिसत नाही. हॉलमधल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारीशेजारी मांडल्या. मी माझ्या जागेवर, त्यांच्याकडे पाठ करून.

चेअरमन आले आणि दारातच थांबले. "मी मागं बसू?"

"तिकिटावर तसंच आहे," मी म्हणालो.

बायकोने त्यांच्यासमोर ताटलीत लिमलेटच्या गोळ्या धरल्या आणि शेजारी जाऊन बसली. मी एकदा उड्डाणही करून दाखवलं, मग वीस किलोमीटरवरून खाली यायला लागलो. इंजिनांचा आवाज उतरला.

"बंद पडलं," चेअरमन म्हणाले.

"कमी केलं," मी म्हणालो. "उतारावर गाडीच्या ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो तसं."

थोड्या वेळाने घरघर झाली आणि खिडकीखालच्या फुगीर भागातून चाक बाहेर आलं. या विमानाचं ते एक वैशिष्ट्य आहे, मधल्या रांगांतून चाक उतरताना दिसतं.

"सर, खाली काय तरी पडलं."

"चाक आहे ते."

"चाक पडलं?"

"उतरलं, भावजी," बायको म्हणाली. "पडलं असतं तर ह्यांनी पहिल्यांदा मला हाक मारली असती."

जमीन वर यायला लागली तसा मागून पुटपुटण्याचा आवाज आला. "साकु, साकु." पुरे, पुरे. मी पुरे केलं नाही. विमान टेकलं, पंख्यांचा आवाज एकदम वाढला. पाठीमागे प्लास्टिकची खुर्ची करकरली.

"आता हा कशाचा?"

"थांबायचा," मी म्हणालो. "ह्या आवाजाला घाबरायचं नाही. हा आला म्हणजे झालं."

त्यानंतर रोज तालीम. सह्याद्रीच्या डोंगरांवर हवा उसळते असं मी म्हणालो, तर बायकोने मागे उभं राहून त्यांची खुर्ची हलवायचं काम अंगावर घेतलं आणि ते गरजेपेक्षा जास्त मन लावून केलं. मी एकदा मुद्दाम हजार फुटांवर वेग चुकवला आणि विमान पुन्हा वर नेलं. चेअरमनांचा चेहरा उतरला. मी सांगितलं, असं झालं तर समजायचं की पुढे शहाणा माणूस बसलाय. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं. हळूहळू प्रश्न आवाजाच्या नंतर यायचे ते आवाजाच्या आधी उत्तर होऊन यायला लागले. "आता फ्लॅप," ते म्हणायचे, आणि पंखाच्या मागच्या झडपा घरघरत खाली यायच्या. "आता चाक."

निघायच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार झाला. विमानाने गोव्याला जाणाऱ्या माणसाचा सत्कार का, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. शाल, श्रीफळ, सेक्रेटरींचं भाषण. त्यात चेअरमनांचं उड्डाण आणि सोलापूरची भरारी यांचा संबंध लावण्यात आला. चेअरमन उत्तरादाखल उभे राहिले आणि पहिल्यांदाच दोन वाक्यांत खाली बसले. लोकांना तो विनय वाटला. पहिल्या रांगेतल्या अक्का मात्र त्यांच्या गुडघ्याकडे बघत होत्या.

आम्ही दोघं घरी परतलो, तर हॉलमध्ये चहा-चिवडा चालू असतानाच आमची बेल वाजली. दारात चेअरमन, अंगावर शाल तशीच. आत येऊन त्यांनी ती काढली, शिलाई मशीनवर टाकली आणि कोणी सांगायच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले.

"सर, अजून एकदा."

"आता सगळं पाठ आहे तुम्हाला."

"पाठ हाय की," ते म्हणाले. "पण भ्या वाटायलंय." ही गोष्ट त्यांनी माझ्याकडे न बघता, टीव्हीच्या काळ्या खिडकीकडे बघत सांगितली. "ती एकटी गेली न्हाय कधी. अक्कलकोटला बी न्हाय. उद्या मी न्हाय गेलो तर ती जाईल, सर. आणि मग पुढं कायम एकटीच जात राहील."

मी विमान वीस किलोमीटरवर ठेवलं. त्या संध्याकाळी आम्ही तीनदा उतरलो. माझ्या आजवरच्या अप्रोचमध्ये इतके सरळ, शांत अप्रोच मला आठवत नाहीत. बायकोने खुर्ची हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही विमानतळावर गेलो नाही, तिथे सेक्रेटरी हार घेऊन गेले होते. आम्ही गच्चीवर उभे राहिलो. होटगी रोडच्या बाजूने विमान वर आलं, पंख्याचं, लहानसं, आणि वळून पश्चिमेला गेलं. त्यात दोघं आहेत की एकच, हे कळायला काही मार्ग नव्हता. खाली सोसायटीच्या आवारात मी चेअरमन परतलेत का ते बघितलं. बायकोने मला तसं बघताना बघितलं, तेव्हा तीही तिकडेच बघत होती.

फोन आला तेव्हा ती भाकरी करत होती. पिठाच्या हाताने तिने तो स्पीकरवर टाकला. अक्का होत्या.

"पोचलाव," त्या म्हणाल्या. "दोघं बी."

"आणि ढग?"

"लई होते. वरनं बघायला डोंगरच की. मी म्हटलं, ह्याच्यावरनं चालत जावं. खिडकीला मीच होते न्हवं."

मी पीठ लागलेल्या फोनकडे बघत राहिलो. "खिडकी तर त्यांची होती."

"व्हय. आत गेल्यावर त्यांनी मला दिली. म्हणाले, बस तू, मला काय बघायचंय." पलीकडे समुद्रासारखा काहीतरी आवाज येत होता, किंवा रिक्षा असेल. "मग डोळे मिटूनच बसले. माझा हात धरून. आणि आवाज यायच्या आधी सांगायचे, आता फ्लॅप. आता चाक. मी खाली बघून सांगायची, व्हय, आलं. पुढच्या सीटवरची पोरगी सारखं वळून बघायली."

बायकोने तव्यावरची भाकरी उलटायची राहू दिली. ती करपली, आणि आम्ही दोघांनीही तिला करपू दिलं.

मग चेअरमनांनी फोन घेतला. आवाज पूर्ववत झालेला होता. "सर, एक सांगू का? तुमच्यापेक्षा मऊ उतरवलं बरं का त्यानं."

"त्याचं रोजचं काम आहे."

"तुमचं बी रोजचंच हाय की," ते म्हणाले. "आणि येताना खिडकीला मी बसणार. तिला सांगितलंय."

मागून अक्का कानडीत काहीतरी म्हणाल्या.

"बघू," ते म्हणाले.