दुसरी पंगत

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरी माझं कोणाशी पटत नाही. मी महाडला राहतो, त्यांचं गाव पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या बाजूला. पूर्वी गणपतीला आणि शिमग्याला जायचो, चहा घ्यायचो आणि अंधार पडायच्या आत परत यायचो. तेवढं दोन्ही बाजूंना पुरत होतं. या हिवाळ्यात मात्र मी दर आठवड्याला गेलो आणि दर वेळी भांडून आलो.

कारण माझी भाची. पोलादपूरच्या शाळेत नववीला आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच आठवड्यात ती प्रार्थनेला उभी असताना कोसळली. बापाचा फोन लागेना म्हणून शिक्षकांनी मला बोलावलं. मी तिला महाडला डॉक्टरकडे नेलं. हिमोग्लोबिन साडेसात, वजन तेहतीस किलो. डॉक्टरांनी विचारलं, "घरी खायला आहे ना?" आहे. दोन एकर भात आहे, दारात टेम्पो आहे, फ्रिज आहे.

तिला घरी सोडायला गेलो तेव्हा भावोजींचा निर्णय झाला होता.

"शाळा झेपत नाय तिला. ऱ्हाऊ दे घरात."

मुलगी अशक्त, म्हणून शाळा बंद. अशक्त का, हे त्या घरात कोणी विचारलं नव्हतं. मी ओसरीवर बसून विचारायला लागलो. सकाळची एसटी लवकर, भाकऱ्या त्यानंतर होणार. म्हणून ती चहा-बिस्किटावर निघते. आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळत होती, नववीला ती बंद झाली. आता घरी येईपर्यंत पोटात काही नाही. शाळेत लोहाची निळी गोळी देतात, ती रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. त्यावर बहिणीच्या सासूने उपाय काढला होता: गोळीच बंद.

"आणि मी मागे तिच्यासाठी अंडी पाठवली होती, ती कोणी खाल्ली?"

"नातवानं," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला अंडं उष्ण पडतं."

"आणि मुलाला थंड पडतं का?"

"मामा, तुमचे हिशोब तिकडं महाडात करा. हे घर हाय, हाफिस नाय."

बराच वाद झाला. शेवटी भावोजी म्हणाले, "शिमग्यापर्यंत बघू. परत पडली तर शाळा बंद. मग तुम्ही मधी बोलायचं नाय."

मी कबूल केलं, आणि पुढच्या रविवारी न सांगता जेवायला गेलो. जाताना पाच बांगडे घेऊन गेलो.

त्या घरात आधी पुरुष आणि मुलगा जेवतात, त्यांच्याबरोबर सासूबाई. मग उरलेल्यात बहीण आणि भाची. पाच बांगड्यांच्या दहा तुकड्या झाल्या. भावोजींना तीन, पाहुणा म्हणून मला तीन, मुलाला दोन, सासूबाईंना एक. नऊ गेल्या. मी माझ्यातल्या दोन उचलल्या आणि भाचीला हाक मारली. ती दारातच उभी राहिली.

"नको मामा. मला रस्सा आवडतो."

"तुला तुकडी आवडत नाही?"

ती आईकडे बघून हळूच म्हणाली, "एक उरते ना, ती आईची. आईला पण चक्कर येते."

भावोजी हसले. "बघा, पोरीला समजतं. तुमालाच समजत नाय."

मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी ताटावरून उठलो. घासही घेतला नव्हता.

"मी दुसऱ्या पंगतीला बसेन," मी म्हटलं. "यांच्याबरोबर."

"बायकांच्यात?" सासूबाईंचा आवाज चढला. "लोक काय म्हनतील? आमी पाव्हण्याला उरलंसुरलं वाढतो?"

"मग उरलंसुरलं नका वाढू."

रागावली ती बहीण. स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाली, "दादा, तू माझं घर मोडायला आलायस का? तू महाडला निघून जाशील. बोलणी मला खावी लागतील." तिचं बरोबर होतं. तरी मी हललो नाही.

पण पाहुण्याच्या ताटात नुसता रस्सा घालण्याची त्या घराची छाती नव्हती, हे मला ठाऊक होतं. सासूबाईंनी स्वतः टोपावर झाकण ठेवलं आणि भावोजींना म्हणाल्या, "पुरे तुला." दुसऱ्या पंगतीला चार तुकड्या आल्या, माझ्या तीन आणि ती उरलेली एक. मी एक खाल्ली.

पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी भावोजी दारातच म्हणाले, "आता रविवारी आमच्यात मच्छी नसते. सोडली." म्हणून मी बुधवारी गेलो. चुलीवर सुरमई होती.

"आज कसे काय, पाव्हणे?"

"भूक लागली."

त्यानंतर वार पाळायचाच नाही असं मी ठरवलं. कधी बुधवारी, कधी शुक्रवारी, कधी लागोपाठ दोनदा. मी वाडीत शिरलो की शेजारी ओरडायचे, "अगो, तपासणी आली!" भावोजी माझ्याशी बोलायचे बंद झाले, त्यात माझं नुकसान नव्हतं. अंडी मी उकडूनच न्यायचो आणि भाचीने खाईपर्यंत समोर बसायचो. सासूबाई भिंतीकडे तोंड करून मला ऐकू जाईल अशा बेताने बोलायच्या. निळी गोळी भाची आता रात्री जेवल्यावर घ्यायला लागली.

शिमग्याच्या आधी तिला पुन्हा महाडला आणलं. हिमोग्लोबिन साडेनऊ, वजन छत्तीस. बरं म्हणावं असं नाही. पण ती प्रार्थनेला उभी राहते आणि शाळा चालू आहे. मी कागद भावोजींच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो न बघता टेम्पोची चावी घेतली आणि निघून गेले.

आठवड्यातून एका जेवणाने हे झालं नसणार, एवढं गणित मला येतं. ते मी बहिणीला फोनवर बोलून दाखवलं.

ती आवाज खाली करून म्हणाली, "तू येशील म्हणून रोज झाकून ठेवावं लागतं ना. तू नाही आलास की आम्ही दोघी खातो. सासूबाईंना काही बोलता येत नाही." मग म्हणाली, "दादा, या आठवड्यात येऊ नकोस, फार तापलेत सगळे. पण येणार नाहीस असं कळवू मात्र नकोस."