जन्नतबीची आठ मिनिटं

वक्ता क्रमांक ४१. स्त्री, वय अंदाजे त्रेसष्ट. राहणार तासगाव. व्यवसाय: बेदाणा निवडणे. शिक्षण: निरंक. मातृभाषा: उर्दू, दखनीचा रकाना नसल्याने जवळची भाषा नोंदवली आहे. संमती: डाव्या अंगठ्याने.

एवढ्यात जन्नतबी तांबोळी मावली, असं वरच्या कचेरीचं मत होतं. समीनाचं तसं नव्हतं. पण तिला आवाज गोळा करायला नेमलं होतं, मत द्यायला नाही.

संगणकाला इथल्या मुसलमान बायाबापड्यांची बोली कळावी म्हणून समीना त्यांचं बोलणं मोबाइलवर भरून पाठवायची. छापील सूचना होती: ‘घरात बोलता तसे बोला.’ पुढं सांगलीच्या एका दवाखान्यात बोलून नंबर लावायचं यंत्र बसणार होतं. जन्नतबीला वाचता येत नव्हतं, त्यात एका डोळ्यात मोतीबिंदू. दवाखान्याच्या दर खेपेला सून कामावर खाडा करून सोबत यायची आणि आठवडाभर तो खाडा ऐकवायची. एकटीनं जाता यावं, एवढ्यासाठी जन्नतबीनं अंगठा दिला.

पण मोबाइल समोर आला तशी तिनं पदर डोक्यावर घेतला, घसा खाकरला आणि मशिदीच्या भोंग्यावरून ऐकलेली उर्दू लावली. कचेरीच्या भाषातज्ज्ञांचा शेरा आला, ‘उत्कृष्ट.’ समीनानं ते भरलेलं बोलणं तिला ऐकवलं.

“यो कौन बोलरी गे? मैं नै.”

“तुमीच है, खाला.”

“मैं घर में ऐसी बोली तो बहू दवाखाने कू नै, मिरज के पागलखाने कू ले को जाएंगी.”

मग समीनानं बेदाण्याच्या शेडमधल्या सगळ्या बायांना सांगून मोबाइल जन्नतबीच्या परातीशेजारी ठेवला. पाच मिनिटांत बाया त्याला विसरल्या. शेडमालकानं बायकांच्या संडासाला कुलूप घातलं होतं. त्याबद्दल जन्नतबी सलग आठ मिनिटं बोलली. असलं खणखणीत बोलणं समीनाला चार महिन्यांत मिळालं नव्हतं.

शेरा आला: ‘अशुद्ध. दुरुस्त मजकूर जोडला आहे. वक्त्याकडून पुन्हा वदवून घ्यावा.’

समीनानं तज्ज्ञांना फोन लावला. ते लांबच्या शहरात बसत. तासगाव त्यांनी नकाशात पाहिलं होतं.

“मॅडम, ही उर्दू नाही.”

“मग काय आहे, सर?”

“ते सांगता येणार नाही. आमच्या यादीत ती नाही.”

“यादी कुणी केली?”

“यादी पहिल्यापासूनच आहे.”

घरात बोलता तसे बोला म्हणायचं, आणि माणूस बोललं की त्याचं घरच नापास करायचं. समीनानं दुरुस्त मजकूर शेडमध्ये वाचून दाखवला. त्यात संडासाचं ‘बैत-उल-खला’ झालं होतं आणि मालकाला दिलेल्या सगळ्या शिव्या गेल्या होत्या.

जन्नतबीनं हातातला बेदाणा परातीत टाकला. “मशीन सीकने आया की मेरेकू सिकाने?”

“खाला, नाहीतर वो पैली बातां ठेवतील. पास हैं वो.”

“वो बाई मैं नै. उसकू भी निकाल.”

“फिर दवाखाने के मशीन कू तुमारी बात नै समजेगी.”

जन्नतबीनं परात पुढ्यात ओढली. “निकाल बोली ना.”

संमती मागं घ्यायचा नियम होता. तो कुणी वापरेल असं कचेरीला वाटलं नव्हतं. दोन्ही आवाज पुसले गेले. तिच्यामागोमाग शेडमधल्या बाकीच्यांनीही आपापले अंगठे परत मागितले. यंत्र बसलं. जन्नतबी अजून सुनेला घेऊनच सांगलीला जाते.

अहवालात नोंद आहे: ‘तासगाव परिसरात सदर बोलीचे वक्ते आढळून आले नाहीत.’

अहवालावर सही झाली त्या दिवशी शेडमध्ये बेचाळीस बाया कामाला होत्या.