दुमजली पाणी

मासे पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण माशांच्या पाण्याला दुमजली घर बांधून देणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच झाला आणि तो माझा घरमालक होता. लातुरात तेव्हा क्लासेसना असा ऊत आला होता की बिलोलीहून भौतिकशास्त्र शिकवायला आलेल्या माझ्यासारख्या नवख्यालाही लोक रस्त्यात थांबून नमस्कार घालायचे. खोली मात्र मिळेना. एका खोलीत चार विद्यार्थी मावत असताना एका मास्तराला कोण ठेवून घेणार? या घरमालक काकांनी ठेवून घेतलं ते एका प्रश्नावर. "सर, पाणी वर चढवायचं तुम्हाला कळतं का?" मी म्हटलं, "शिकवतो की." तर म्हणाले, "शिकवता ते ठीक हाय ओ. कळतं का?"

काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ बेअरिंगमध्ये असतं, ही त्यांची श्रद्धा. माझी स्कूटर असो, शेजारणीचा मिक्सर असो, काका आधी कान लावायचे आणि डोळे मिटून निकाल सांगायचे. एकदा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, तर डॉक्टर यांच्या छातीला नळी लावून ऐकतायत आणि हे वर छताकडे बघून म्हणतायत, "माझं ऱ्हाऊ द्या, तुमचा पंखा चालला बघा." तीन दिवसांनी तो पंखा खरंच बंद पडला. मग डॉक्टरांनी काकांनाच बोलावणं पाठवलं आणि त्या दिवसापासून त्यांची फी माफ केली.

एकच बिघाड मात्र या माणसाच्या हाताला दाद देत नव्हता. काकू स्लॅबखाली झोपत नसत. भूकंपात त्यांच्या माहेरचं दगडमातीचं घर बसलं. माणसं वाचली, पण डोक्यावर जड जे काही असेल त्यावरचा काकूंचा विश्वास कायमचा उडाला. स्वयंपाक घरात करायच्या, तोही दाराकडे तोंड करून. झोपायला अंगणातलं पत्र्याचं शेड. अशी किती वर्षं गेली! हिवाळ्यात त्या तिथं खोकत पडायच्या आणि हा माणूस घरात तो खोकला ऐकत पडायचा. मला एकदा म्हणाले, "सर, एवढं घर बांधलं, आन् घरात मी एकटाच. काय करायचं असल्या घराला?" काकूंना घरात आणायचं, एवढं एकच त्यांचं मागणं होतं.

मग त्यांनी शोध लावला. भूकंप आला तर आधी पाणी हालणार. तेव्हा हॉलमध्ये काचेची टाकी ठेवायची, शेजारी पलंग. पाणी शांत दिसलं की काकूंनी निर्धास्त झोपायचं. नुसतं पाणी ठेवलं तर लोक वेडा म्हणतील म्हणून त्यात मासे. नांदेडच्या दुकानात जाऊन त्यांनी विचारलं, "ह्यातले आळशी कुठले?" दुकानदार तासभर हसला म्हणे, पण काकांनी समोर बसून, निरखून सहा सुस्त गोल्डफिश निवडलेच. माशांसोबत फिल्टर आला, फिल्टरसोबत बुडबुडे आले, आणि पहिल्याच दुपारी काकू उशी घेऊन बाहेर गेल्या. "हाललं की ओ पाणी!"

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. काकांनी सगळी यंत्रसामग्री खालच्या मजल्यावर हलवली. स्टँडच्या पोटात दुसरी टाकी बसवली. वरचं पाणी कोपऱ्यातल्या पाइपातून खाली उतरायचं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून आणि भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्यांतून गाळून निघायचं आणि शेवटच्या कप्प्यातली मोटर ते परत वर चढवायची. त्या शंभरेक घासण्या काकांनी औशाच्या बाजारातून आणल्या. विकणारा म्हणाला, "मेस काढली का, काका?" काका म्हणाले, "हाव. माशांची."

चढणाऱ्या पाण्यानंही वर तरंग उठू नये म्हणून त्या पाइपाचं तोंड त्यांनी पार खोल सोडलं. वरचं पाणी आरशासारखं थिर झालं. पण लाईट गेली की त्याच पाइपानं पाणी उलटं खाली यायला लागलं. मी ऐटीत सांगितलं, "काका, याला सायफन म्हणतात." तर म्हणाले, "आरं वा! नाव ठिवून गप बसला होता का सर?" मग त्यांनी खालच्या टाकीवर मध्यावर लाल रेघ ओढली. तिच्या वर पाणी भरायचं नाही. वरचं खाली आलं तर जागा पाहिजे. लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीला चिकटवून काकूंच्या झोपेची वेळही ठरवली. आणि काय सांगू, काकू दुपारच्या घरात झोपायला लागल्या! काका पायाच्या बोटांवर चालायचे, वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठ्यानं पाठांतर करायची बंदी.

घोटाळा केला तो नळानं. नऊ दिवसांनी नळ आला. लातूरच्या बाईला नळाच्या दिवशी रिकामं भांडं बघवत नाही. हंडे, बादल्या, कुकर, फुलदाणी सगळं भरून झालं आणि काकूंची नजर खालच्या टाकीकडे गेली. निम्मी रिकामी! काका बाजारात गेलेले. त्यांनी ती काठोकाठ भरली आणि समाधानानं आडव्या झाल्या. त्या दिवशी लाईट वेळापत्रक सोडून गेली. काकूंनी डोळे उघडले तर वरच्या टाकीतलं पाणी हालत नव्हतं, बुडत होतं.

"पळा! पाणी जमिनीत चाललं!"

वरचे विद्यार्थी पुस्तकांसकट रस्त्यावर. मी, भौतिकशास्त्राचा मास्तर, त्यांच्या पुढं. तेवढ्यात काका आले, दारातून वाहत येणारा ओघळ पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "आगं, भूकंप न्हाई ते, लाईट गेलीय," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "टाकी सांडली."

"टाकी? म्हंजे आजचं नळाचं पाणी?"

"हाव."

काकू पातेलं घेऊन आत घुसल्या. स्लॅबखाली गुडघे टेकून त्या फरशीवरचं पाणी भरून घेऊ लागल्या, एका हातानं सरपटत, काकांना, सरकारला आणि माशांना शिव्या घालत. मी मदतीला निघालो, तर काकांनी माझा दंड धरला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "सर, बोलू नगा. आत हाय ती. आठवण करून देऊ नगा." पाऊण तास आम्ही सगळे दारात मुक्यानं उभे होतो. त्या दिवसापासून काकू रात्रीही घरातच झोपू लागल्या. म्हणायच्या, "पाण्याजवळ कुणीतरी नगं का?"

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा अहमदपूरला जाताना मुद्दाम लातूरला उतरलो. सकाळीच नळ येऊन गेला होता. घरात पेलासुद्धा रिकामा नव्हता. काकूंचा पलंग टाकीला लागूनच होता. वाकून पाहिलं, तर खालच्या टाकीतलं पाणी बरोबर लाल रेघेला होतं, आणि रेघ नव्यानं रंगवलेली. उगीच काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काकू, एवढी टाकी रिकामी ठेवली?"

"ऱ्हाऊ द्या सर, तेवढी मोकळी," काकू म्हणाल्या. "ते न्हाई म्हणलेत भरायला."